फॉरमॅट मारण्याआधी

कॉम्प्युटर बिघडला की आपल्याकडे पहिला आणि शेवटचा उपाय एकच असतो : फॉरमॅट मारा. आवाज गेला, फॉरमॅट मारा. प्रिंटर ऐकत नाही, फॉरमॅट मारा. मशीन हळू चालतंय, मग तर विचारायलाच नको. दुरुस्तीच्या दुकानात बसणाऱ्याला यासाठी बोल लावण्यात अर्थ नाही. टेबलावर मशिनांची चळत, गिऱ्हाईक दाराशी उभं, आणि सगळं पुसून नव्याने भरलं की बहुतेक बिघाड जातात हा त्याचा अनुभव. फक्त बिघाड कशामुळे झाला होता ते या उपायात कधीच कळत नाही, त्यामुळे पुढच्या वेळीही तोच उपाय करावा लागतो.

लिनक्सकडे वळणारी मंडळी ही सवय बरोबर घेऊन येतात. वायफाय दिसत नाही म्हणून उबंटू काढून मिंट टाकायचा, मिंटवर आवाज येत नाही म्हणून फेडोरा, आणि शेवटी ‘हे आपलं काम नाही’ असं म्हणून परत जुन्या घरी. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेली कितीतरी धडधाकट मशिनं घराघरांत पडून आहेत. अशा मशिनावर लिनक्स चढवणं आता अर्ध्या तासाचं काम आहे. अवघड भाग त्यानंतर सुरू होतो आणि हे पुस्तक त्या भागाविषयी आहे.

पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात असं. लिनक्सचा डेस्कटॉप सुट्या भागांचा बनलेला आहे. ते भाग एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी वेगवेगळ्या काळात लिहिले आहेत. बिघाड जवळजवळ नेहमी त्यांतल्या एखाद्या भागात, किंवा दोन भागांच्या सांध्यात असतो. तो सांधा शोधणं हे खरं काम. दुरुस्ती त्यानंतरची, आणि बऱ्याचदा एका ओळीची. ज्या सुटेपणामुळे हा डेस्कटॉप वरचेवर अडतो, त्याच सुटेपणामुळे तो कुठे अडला हे घरबसल्या शोधता येतं.

हे भाग कुठून आले ते थोडं पाहू. रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला १९८३ साली. पडद्यावर खिडक्या काढणारी एक्स ही यंत्रणा एमआयटीत तयार झाली आणि तिची अकरावी आवृत्ती १९८७ची. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या कर्नेलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, बातमी दिली ऑगस्ट १९९१मध्ये. म्हणजे खिडक्या काढणारी यंत्रणा कर्नेलपेक्षा वयाने मोठी. इयान मरडॉक यांनी डेबियन सुरू केलं १९९३ साली. केडीई १९९६चं, नोम १९९७चं, आणि या सगळ्यांची मोट बांधून सर्वसामान्यांपुढे ठेवणारा उबंटू २००४चा. एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडचं काम २००८मध्ये सुरू झालं. फेडोराने ते नोमसाठी डीफॉल्ट केलं २०१६च्या अखेरीस. आवाजाच्या बाजूला आधी ओएसएस, मग आल्सा, त्यावर पल्सऑडिओ, आणि २०२१च्या फेडोरा ३४पासून पाइपवायर.

ही सनावळी पाठ करायची नाही. पण आपल्या मशिनावर कुठल्या पिढीचा कुठला भाग चालू आहे हे माहीत नसेल, तर दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलेला पल्सऑडिओचा तोडगा आज पाइपवायरवर करून पाहण्यात संध्याकाळ जाते. व्हिडिओ मीटिंगमध्ये समोरच्यांना आपला स्क्रीन काळा दिसतो, हा असाच एक नमुना. एक्सच्या काळात कुठलाही प्रोग्रॅम दुसऱ्याची खिडकी बिनदिक्कत पाहू शकत असे. वेलँडने ती मोकळीक काढून घेतली. आता ब्राउझरला पोर्टल नावाच्या मध्यस्थाकडे परवानगी मागावी लागते आणि चित्र पाइपवायरमधून जातं. स्क्रीन काळा दिसला की बहुतेक जण ब्राउझर पुन्हा इन्स्टॉल करतात. तपासायचं असतं ते पोर्टल.

भाग उघडून पाहण्याचा हक्क मात्र आपोआप मिळालेला नाही. त्यामागे एका प्रिंटरची कथा सांगितली जाते. एमआयटीच्या प्रयोगशाळेत जुन्या प्रिंटरचा कागद अडकला की वापरणाऱ्यांना तसा निरोप जाईल, अशी व्यवस्था स्टॉलमन यांनी त्याच्या प्रोग्रॅममध्ये करून घेतली होती. नंतर झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. त्याचा सोर्स कोड नव्हता, आणि ज्याच्याकडे होता त्याने दिला नाही. दुरुस्ती ठाऊक असूनही करता येत नाही, ही चीड मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीच्या मुळाशी आहे. त्या चळवळीकडे आपण तत्त्वज्ञान म्हणून पाहतो, पण तिची सुरुवात एका साध्या ट्रबलशूटिंगमध्ये झाली. आज लिनक्सवर एखादी चूक आली की तिचे शब्द सोर्स कोडमध्ये जसेच्या तसे सापडतात, आणि ती कुठल्या परिस्थितीत छापली जाते हे कुणालाही वाचता येतं.

आता पद्धतीकडे. सोसायटीतल्या घरात नळाला पाणी नसेल तर आपण नळ बदलत नाही. शेजारी विचारतो, गच्चीवरची टाकी पाहतो, पंप चालू आहे का ते ऐकतो, मग नगरपालिकेकडे वळतो. आवाज येत नसेल तरी वाट हीच. कर्नेलला साउंड कार्ड दिसतं का? दिसत नसेल तर वरचं काहीही बदलून उपयोग नाही. ड्रायव्हर किंवा फर्मवेअर पाहा. दिसत असेल तर पाइपवायर चालू आहे का? असेल तर आवाज कुठे जातोय? टीव्ही किंवा मॉनिटर एचडीएमआयने जोडलेला असेल तर आवाज निमूटपणे तिकडे जात असतो आणि आपण लॅपटॉपच्या स्पीकरवर कान लावून बसतो. शेवटी, फक्त एकाच ॲपचा आवाज बंद आहे का? चार प्रश्न, चार थर. क्रम चुकला की दिवस जातो.

मोठ्या बिघाडात थर मोजत बसायला वेळ नसतो. तेव्हा मशिनाचे दोन तुकडे करणाऱ्या कसोट्या कामी येतात. अशा तीन कसोट्यांवर या पुस्तकाचा बराच भार आहे.

पहिली कसोटी लाइव्ह पेनड्राइव्हची. ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स बसवला तो टाकून द्यायचा नसतो. त्यावरून मशीन चालू करा. वायफाय तिथेही दिसत नसेल तर गोष्ट हार्डवेअरची किंवा त्या कर्नेलला ते हार्डवेअर न ओळखता येण्याची. तिथे दिसत असेल तर हार्डवेअर निर्दोष, आणि तपास डिस्कवरच्या सिस्टीमपुरता उरतो.

दुसरी कसोटी जुन्या कर्नेलची. अपडेटनंतर पडदा काळा पडला तर मशीन चालू होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीतून आधीचा कर्नेल निवडा. फेडोरा डीफॉल्टने तीन कर्नेल ठेवतो, उबंटूही मागचा जपतो. जुन्यावर सगळं सुरळीत असेल तर संशय नव्या कर्नेलवर, किंवा त्याच्यासाठी पुन्हा बांधावा लागणाऱ्या ड्रायव्हरवर. एनव्हिडियाचं कार्ड आणि सिक्युअर बूट एकत्र आले की हे बऱ्याचदा घडतं. ड्रायव्हर इन्स्टॉल करताना उबंटू एक पासवर्ड ठरवायला सांगतो आणि पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर तो पुन्हा विचारतो. घाईत तो पडदा ओलांडला की चावी नोंदली जात नाही, सही न ओळखलेला ड्रायव्हर कर्नेल नाकारतो, आणि खापर फुटतं अपडेटवर.

तिसरी कसोटी नव्या युजरची, आणि ती सर्वांत कमी वापरली जाते. मशिनावर एक रिकामा युजर तयार करा आणि त्यातून लॉगिन करा. तिथे सगळं ठीक चालत असेल तर सिस्टीमला हात लावायचं कारण नाही. दोष तुमच्या होम फोल्डरमधल्या एखाद्या सेटिंगमध्ये आहे. पासवर्ड बरोबर टाकूनही लॉगिनचा पडदा पुन्हा पुन्हा समोर येतो, या छळवादी प्रकाराचा उलगडा बहुधा इथेच होतो : होममध्ये जागा संपलेली असते, किंवा सुडो लावून एखादा खिडकीवाला प्रोग्रॅम चालवल्यामुळे होममधली एखादी फाइल रूटच्या मालकीची झालेली असते. दोन्हींवर उपाय काही मिनिटांचा आहे. फॉरमॅट मारून बसणारे मात्र यातच जास्त.

बसवतानाच्या अडचणींना पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे, कारण विंडोजशेजारी लिनक्स ठेवणारे पुष्कळ आणि त्यांच्या तक्रारी ठरलेल्या. विंडोजचं पार्टिशन उघडतं पण त्यात काही लिहिता येत नाही : विंडोज पूर्ण बंद झालेलं नसतं, फास्ट स्टार्टअपमुळे ते अर्धवट झोपलेलं असतं. दोन्हीकडची घड्याळं जुळत नाहीत : विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स तिथे जागतिक वेळ आहे असं धरून चालतो. म्हणून भारतात फरक पडतो तो बरोब्बर साडेपाच तासांचा. हा आकडा पाहिला की घड्याळाचा सेल बदलायला धावू नये. सेल मेला तर वेळ कुठेही भरकटते, इतकी नेमकी चुकत नाही. आकड्यातला नेमकेपणा हाच पुरावा.

पॅकेजांचं प्रकरण सर्वांत लांबलं आहे, आणि त्याला कारण आहे. लिनक्सवर सॉफ्टवेअर रिपॉझिटरीतून येतं, येताना त्याला लागणारी दुसरी पॅकेजं घेऊन येतं, आणि हा हिशेब ॲप्ट, डीएनएफ किंवा पॅकमन हा पॅकेज मॅनेजर ठेवतो. हिशेब जुळत नसेल तर तो काही काढून टाकून जुळवायला बघतो. २०२१मध्ये लिनस सेबॅस्टियन या प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएस या लिनक्स वितरणावर गेमसाठी लागणारं स्टीम बसवायला घेतलं. त्या वेळी रिपॉझिटरीतल्या स्टीमच्या पॅकेजात खोट होती. ॲप्टने स्टीमसाठी अख्खा डेस्कटॉपच काढायची योजना मांडली, काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी दाखवली, हे धोक्याचं आहे असा इशारा दिला, आणि तरीही पुढे जायचं असेल तर एक पूर्ण वाक्य टाइप करायला सांगितलं. त्याने ते वाक्य टाइप केलं. डेस्कटॉप गेला.

यावर जगभर दोन तट पडले. एकांनी म्हटलं, समोरचं वाचलं असतं तर हे झालं नसतं. दुसऱ्यांनी म्हटलं, गेम खेळू पाहणाऱ्या माणसाला असा दरवाजा दाखवायचाच कशाला? दोघांचंही बरोबर होतं. ॲप्टच्या कर्त्यांनी लगेचच अत्यावश्यक पॅकेजं अशी सहज काढता येऊ नयेत असा बदल केला. आपल्यापुरता धडा असा की ‘वाय’ दाबण्याआधी काय येणार यापेक्षा काय जाणार ती यादी वाचावी. एखादं लहानसं ॲप बसवताना शंभर पॅकेजं जाणार असतील तर तिथेच थांबावं.

शिवाय आता एकच ॲप तीन-चार वाटांनी मिळतं : वितरणाचं पॅकेज, फ्लॅटपॅक, स्नॅप, ॲपइमेज. म्हणून कुठल्याही ॲपच्या तक्रारीत पहिला प्रश्न ‘ते आलं कुठून?’ हाच. फ्लॅटपॅकमधून आलेल्या ॲपला दुसऱ्या डिस्कवरची फाइल दिसत नसेल तर फाइल हरवलेली नसते. ते ॲप कुंपणात चालतं आणि कुंपणाबाहेर पाहायची परवानगी त्याला दिलेली नसते. पायथनच्या पिपने २०२३च्या डेबियन १२पासून थेट सिस्टीममध्ये काही बसवायला नकार द्यायला सुरुवात केली, तोही याच जातीचा प्रकार. सिस्टीमच्या पॅकेजांचा हिशेब दुसऱ्याने परस्पर बिघडवू नये म्हणून तो नकार आहे. जोर लावून तो मोडण्यापेक्षा प्रकल्पासाठी वेगळं आभासी वातावरण करावं.

देवनागरीला या पुस्तकात परिशिष्टात ढकललेलं नाही. मराठी माणसाच्या डेस्कटॉपवर तो रोजचा विषय आहे, आणि थरांची पद्धत शिकायला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. अक्षर पडद्यावर येईपर्यंत पाच हातांतून जातं. कळ दाबली की आयबस किंवा कीबोर्डची मांडणी तिचं युनिकोड चिन्ह ठरवते. ॲप ते साठवतं. फाँटकॉन्फिग फाँट निवडतं. हार्फबझ काना-मात्रा-जोडाक्षरांची जुळणी करतं. मग फाँटमधला आकार पडद्यावर उमटतो. लक्षणावरून थर ओळखता येतो. नुसते चौकोन दिसले तर देवनागरी असलेला फाँटच नाही. रेड हॅटने २००४ साली खुला केलेला लोहित किंवा गूगलचा नोटो बसवा. अक्षरं आहेत पण ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे आणि पाय मोडलेले सुटे, तर जुळणी होत नाही. दोष त्या ॲपचा. सगळं ठीक, पण ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात, तर मजकुराची भाषा मराठी आहे हे ॲपला सांगितलेलं नाही. काही फाँटांमध्ये दोन्ही वळणं असतात आणि भाषेनुसार निवडली जातात.

‘दऱ्या’ लिहायचं होतं आणि ‘दर्या’ उमटलं, तर फाँट बदलून काही होणार नाही. इनस्क्रिप्टवर साधा र जिथे आहे तिथेच शिफ्ट दाबून दुसरा ऱ मिळतो, आणि त्याला हलन्त जोडला की हवा तो आकार येतो. आणि जुनी फाइल उघडल्यावर रोमन अक्षरांचा कचरा दिसला, तर ती फाइल शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटात टाइप केलेली आहे. तिच्या पोटात देवनागरी नव्हतीच. रोमन चिन्हांवर देवनागरी आकार चढवलेले होते. तिला फाँट नको, कन्व्हर्टर हवा. महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत, छापखान्यांत आणि लेखकांच्या घरी अशा फायलींचे ढीग आहेत. त्या उघडत नाहीत म्हणून लिनक्सला नावं ठेवली जातात, पण तो फाँट नसलेल्या विंडोजवरही त्या अशाच दिसतात.

ही पद्धत किती लांब नेता येते याचं उदाहरण २०२४च्या मार्चमध्ये जगाने पाहिलं. अँड्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे अभियंता. डेबियनच्या ‘अनस्टेबल’ आवृत्तीवर, दूरच्या मशिनात शिरण्यासाठीच्या एसएसएचने लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, आणि प्रोसेसरही उगाच खर्च होतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. पुष्कळांनी खांदे उडवले असते. ते एकेक सांधा तपासत गेले : एसएसएचचा सर्व्हर, त्याला जोडलेली सिस्टमडीची लायब्ररी, तिला जोडलेलं फायली दाबून लहान करणारं एक्सझेड. तिथे, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत, कुणीतरी जाणूनबुजून चोरवाट ठेवलेली निघाली. प्रकल्पात दोनेक वर्षं काम करून विश्वास मिळवलेल्या टोपणनावाने ती घुसवली होती. २९ मार्चला त्यांनी हे जाहीर केलं आणि ती चोरवाट जगभरच्या सर्व्हरांवर पोचण्याआधी बुजवता आली. फ्रॉइंड यांच्याइतकं कौशल्य आपल्याकडे असण्याची गरज नाही. पण ‘हळू चालतंय’ एवढ्यावर न थांबता ‘नेमकं काय हळू चालतंय?’ हा प्रश्न विचारायला कौशल्यही लागत नाही.

पुस्तक वापरण्याविषयी थोडं. वाचकाला टर्मिनल उघडता येतं आणि टाइप करता येतं, एवढंच गृहीत धरलं आहे. प्रत्येक कमांड काय करते ते तिच्याआधी सांगितलं आहे. न समजलेली कमांड मारू नका, ती या पुस्तकातली असली तरी. डेस्कटॉप मराठीत ठेवला असेल तर काही चुकांचे संदेश मराठीत येतात आणि त्यांवर शोधूनही काही हाती लागत नाही. तीच कमांड तात्पुरती इंग्रजीत चालवायची युक्ती पहिल्याच प्रकरणात दिली आहे. जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या नोंदवहीत, मागच्या बूटची नोंद कशी पाहायची तेही तिथेच, कारण मशीन अडकलं ते मागच्या बूटमध्ये आणि आपण शोधत असतो आताच्या नोंदी. संदेशांची लांबलचक माळ आली की शेवटची ओळ पकडायचा मोह होतो. बहुधा पहिली चूक खरी असते आणि खालच्या तिच्या मागोमाग आलेल्या.

दोन गोष्टी मात्र पुस्तक हाती घेण्याआधी करा. आपल्या फायलींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा, आणि ती उघडते का ते पाहा. आणि एक साधी वही घ्या : तारीख, काय बदललं, का बदललं. एका वेळी एकच बदल करा. उपयोग झाला नाही तर तो मागे घ्या आणि मगच पुढचा. पाच तोडगे एकदम लावून मशीन चालू झालं तर कशाने झालं ते कळत नाही, आणि उरलेले चार पुढच्या बिघाडाची बीजं होऊन बसतात. मरणाच्या दारातली डिस्क किंवा चुकीच्या रिपॉझिटऱ्या मिसळून विस्कटलेली सिस्टीम असेल, तर नव्याने बसवणं हाच शहाणपणा असतो. पण तो निर्णय तपासाच्या शेवटी घ्यावा.

शेवटचं प्रकरण बग कसा कळवायचा यावर आहे आणि ते वगळू नये अशी विनंती. दोष कुठल्या भागात आहे हे एकदा कळलं की त्या भागाचे कर्ते कोण हेही कळतं, आणि त्यांच्यापर्यंत पोचता येतं. आवृत्ती, पायऱ्या, अपेक्षित काय होतं, झालं काय : एवढं नीट लिहिलेली चार ओळींची तक्रार नुसत्या वैतागापेक्षा कितीतरी उपयोगी. जर्मन किंवा जपानी वापरणाऱ्यांच्या अडचणी सुटतात, कारण ते त्या कळवतात. एखाद्या फाँटात ‘ऱ्य’ तुटत असेल तर ते हार्फबझच्या किंवा फाँटच्या कर्त्यांना आपणहून दिसणार नाही. त्यांच्यातल्या बहुतेकांना मराठी वाचता येत नाही. ते सांगायचं काम मराठी वाचणाऱ्याचं आहे, आणि सांधा नेमका शोधता येणारा वाचक ते करू शकेल.